धनुष्याची पारख कोणी करावी?

ज्या वस्तूचा मूळ कर्ता मरून शतके लोटली, तिची प्रतिकृती कोणी केली तर ती बरोबर उतरली की नाही हे सांगावयाचे कोणी? युरोप-अमेरिकेतील काही हौशी आणि काही पोटार्थी कारागीर जुन्या लांब धनुष्यांबरहुकूम लाकडी धनुष्ये हाताने घडवितात, एकमेकांना दाखवितात आणि एकमेकांचे दोष काढतात. त्यात आपल्यासारख्या गिरणी-कारखान्याच्या माणसांनी लक्ष घालावे असे काय आहे, असे मंडळींना वाटेल. परंतु ज्याची उमेद कामगार चळवळीत गेली, त्याच्या कानावर 'काम खराब झाले' हे शब्द पडले की तीन प्रश्न उभे राहतात : हे कोण म्हणतो, कोणत्या मापाने म्हणतो, आणि म्हटल्यावर पैसे कोणाचे जातात? यंत्रमागावरच्या कापडात दोष निघाला म्हणून मजुरी कापलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. कापणाऱ्याने ते कापड उजेडासमोर धरून दोषावर बोट ठेवल्याचे क्वचितच पाहिले. म्हणून या धनुष्यांच्या इतिहासाकडे आम्ही वळलो.

आधी काम समजून घेऊ. धनुष्याची जी बाजू तिरंदाजाकडे असते तिला तिकडचे कारागीर पोट म्हणतात, आणि जी समोर असते तिला पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. यू नावाच्या सूचिपर्णी झाडात बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते व आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून पाठीला पांढऱ्याचा थर आणि पोटाला गाभा येईल अशा बेताने ओंडका फाडतात. पुढचे बहुतेक काम लाकूड काढण्याचे. धनुष्य मुठीपाशी टेकवून, खाचा पाडलेल्या दांड्यावर दोरी एकेक खाच खाली ओढावयाची, चार पावले मागे सरावयाचे, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाहीत हे नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. जेथे ताठ दिसेल तेथे खरवडावयाचे. जेथे बिजागरीसारखे एकाच जागी मोडू पाहते तेथे हत्यार लावावयाचे नाही, इतर सर्व ठिकाणी लावावयाचे. एकदा काढलेला पापुद्रा परत चिकटत नाही. म्हणून या धंद्यात टीकेला वेळ असते : लाकूड जाड आहे तोवर ती उपयोगी, पोटावर दबल्याच्या बारीक आडव्या सुरकुत्या उमटल्यावर तिचा उपयोग पुढच्या धनुष्याला.

ही गोष्ट इंग्लंडात लिहून ठेवली ती रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या विद्वानाने. त्याचा धनुर्विद्येवरचा 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ १५४५ साली निघाला. पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झालेला हा मनुष्य, पण धनुष्य विकत घेणाऱ्याला तो सांगतो ते एखाद्या जुन्या मिस्त्रीसारखे. नवे धनुष्य मैदानात न्यावे, जड बाणांनी चालवून पाहावे, ते कोठे अधिक वाकते यावर नजर ठेवावी, आणि मग चांगल्या कारागिराकडे परत न्यावे. त्याने ते थोडे आखूड करावे, खरवडावे, आणि संबंध धनुष्य गोल वाकेल असे करावे. यात वापरणारा दोष सांगतो, आणि सांगितल्यावर माल कारागिराच्या अंगावर फेकीत नाही. दोघे मिळून तेच धनुष्य पुरे करतात. विद्यापीठातल्या माणसाला हे कळले होते, याचे आम्हांला अजून कौतुक वाटते.

अर्थात मध्ययुगीन कारागीर काही सुखात नव्हता. लंडनमधील धनुष्य करणारे व बाण करणारे १३७१ साली वेगळे झाले, एकाने दुसऱ्याचा धंदा करू नये असे ठरले. १४७२ च्या कायद्याने व्हेनिसमार्गे वगैरे माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांवर प्रत्येक टनामागे चार धनुष्यदांडे आणण्याची सक्ती झाली, कारण घरचे यू पुरत नव्हते. आणि १४८२ साली लांब धनुष्याची किंमत ३ शिलिंग ४ पेन्सच्या वर जाऊ नये असे बंधन आले. परदेशी लाकूड महाग, किंमत सरकारने बांधलेली. मधल्या मध्ये दबला तो कारागिराचा हात, हे कळावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

बंदुका आल्या आणि हे सारे मागे पडले. धनुष्य खेळाचे झाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील खेळाचे धनुष्य देखणे खरे, पण मुठीजवळ ताठ आणि पोटाला फार उंच गोलाई दिलेले असे झाले. १९३० नंतरच्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग प्रभृती अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांनी मापे व गणित लावून त्याचे वाभाडे काढले. गोलाईच्या टोकावरच्या थोड्याशा लाकडावर सगळा दाब येतो, ते दबून बसते. आयताकृती, चपट्या छेदाचे धनुष्य त्याच लाकडातून अधिक काम देते, असा त्यांचा निष्कर्ष. निष्कर्ष खरा होता. पण टीका झाली ती नकलेवर आणि बट्टा लागला मूळ कारागिराला! चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज कारागीर अडाणी होता असे पुष्कळांनी त्यावरून ठरविले. त्याच्या हातचे धनुष्य त्यांच्यापुढे नव्हतेच, किंवा जवळजवळ नव्हते.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे. आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी, म्हणजे अ‍ॅस्कमचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, पोर्टस्मथपुढे बुडाली. एकोणिसाव्या शतकात पाणबुड्यांनी तिच्यातील थोडी धनुष्ये वर काढली होती. त्यांची मापे घेऊन सॅक्स्टन पोप नावाच्या अमेरिकन डॉक्टराने प्रतिकृती केली, आणि १९२३ साली धनुष्यबाणांच्या चाचण्यांचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या प्रतिकृतीची ओढ शंभर रत्तलांच्या खालीच राहिली. माप बरोबर, पण लाकूड ऑरेगनचे; आणि यू सावकाश वाढले की वलये दाट, चटकन वाढले की विरळ, त्यावर त्याचा जोर पुष्कळसा अवलंबून असतो.

या पोपचा गुरू कोण होता हे सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. कॅलिफोर्नियातील याही लोकांची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली; त्यांतला उरलेला एक मनुष्य १९११ साली ओरोव्हिल गावी आला. त्याला 'इशी' म्हणत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ केवळ 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला, आणि डॉक्टरसाहेब त्याच्यापाशी धनुष्य करावयास शिकले. तेथे शिष्याच्या कामावर गुरूची नजर होती. धनुष्य चढवून किंवा उभे करून ठेवले तर ते थकते, त्याला घाम येतो. वापर नसेल तेव्हा ते आडवे ठेवावे, असे इशी सांगे. हसू येईल, पण चढवून ठेवलेले लाकूड खरोखरच दबून बसते. १९१६ साली इशी वारला. मृतदेहाची चिरफाड त्याला मान्य नव्हती आणि ती करू नये असे मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी लिहूनही कळविले होते. तरी ती झाली, मेंदू काढून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, आणि २००० साली त्याच्या नातलग जमातींच्या हाती परत आला. ज्याच्या हाताची विद्या घेतली त्याचे शब्द ऐकले गेले नाहीत. धनुष्याच्या बाबतीत ऐकले, देहाच्या बाबतीत नाही.

आता पुन्हा त्या नौकेकडे. सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर आला, आणि उत्खननात एकंदर १७२ धनुष्ये मिळाली. सरासरी लांबी सुमारे दोन मीटर. गणिती नमुने लावून व नव्या प्रतिकृती चालवून त्यांची ओढ साधारण १०० ते १८५ रत्तल निघाली. नट व धनुर्विद्येचे अभ्यासक रॉबर्ट हार्डी त्या अभ्यासात होते. एवढे जोरकस धनुष्य माणूस ओढणारच नाही, ही शंका मोठमोठ्यांनी काढली होती. तिला उत्तर काही अंशी धनुष्यांनी दिले आणि काही अंशी हाडांनी : नौकेवरील कित्येकांच्या खांद्याच्या फऱ्याचे टोक वयात येऊनही सांधले गेलेले नव्हते, आणि ॲन स्टर्लंड यांनी त्याचा संबंध लहानपणापासूनच्या जड धनुष्यांशी जोडला. आम्हांला हे पटते. पोते वाहणाऱ्या हमालाची पाठ पाहिलेल्यास पटावयास हरकत नाही.

आणि ती धनुष्ये मुठीतसुद्धा वाकणारी निघाली! संबंध गोल, अ‍ॅस्कमने सांगितले होते तशी. यंत्रशास्त्रज्ञांनी ज्या ताठ मुठीला नावे ठेवली ती मागाहूनच्यांची करामत होती.

त्यापुढे कारागिरांमधील टीकेची रीतही पालटली, ती आम्हांला मोलाची वाटते. प्रतिकृती दाखविणाऱ्याने धनुष्य न चढविलेले, चढविलेले आणि पुरते ओढलेले असे तिन्ही अवस्थांत दाखवावयाचे. लाकूड कोणते, लांबी किती, ओढ किती रत्तल व किती इंचांवर, हे सांगावयाचे. टीका करणाऱ्याने 'छान' किंवा 'वाईट' म्हणून सुटावयाचे नाही. डावी बाजू मुठीपासून वीतभर अंतरावर ताठ आहे, उजवे टोक अधिक वाकते, असे जागा दाखवून बोलावयाचे. प्रतिकृतीला आणखी एक फूटपट्टी लागते. धनुष्य म्हणून उत्तम असेल, पण नक्कल म्हणून खोटे असेल. मूळ धनुष्यांवर हत्यारांच्या खुणा तशाच आहेत, आणि गाठीभोवती कारागिराने जादा लाकूड राखल्यामुळे पृष्ठभाग उंचसखल आहे. नवा माणूस घासूनपुसून आरसा करतो. त्याला सांगावे लागते की, बाबा रे, तू मूळ कारागिरापेक्षा सफाईदार काम केलेस, म्हणूनच ते चुकले. हे ऐकून घ्यावयास मन मोठे लागते. ते धनुष्य शेकड्यांनी करावयाचे, बांधलेल्या किमतीत करावयाचे. चकाकी आणावयाला त्या माणसाला वेळ कोणी दिला होता?

टोकांचा वाद तर फारच चालला. धनुष्याच्या दोन्ही टोकांना दोरी अडकविण्यासाठी शिंगाच्या टोप्या असत. शिंग पाण्यात कुजते. नौकेत अशी टोपी एकच सापडली. परंतु धनुष्यांच्या टोकांवर जेथे शिंग होते तेथे लाकडाचा रंग निराळा राहिला आहे, आणि खाच दोन्ही अंगांना नसून एकाच बाजूला कापलेली दिसते. व्हिक्टोरियाकालीन नक्षीदार टोप्या बसवून युद्धधनुष्य म्हणून मिरविणाऱ्या प्रतिकृतींचे त्या फिकट पट्ट्याने पितळ उघडे पाडले. जाणते कारागीर आता प्रतिकृती हातात घेतात ती टोकाकडून. आधी एकबाजूची खाच पाहतात, मग दोरी चढवितात.