खामगावचे बारा आणि उपग्रहाचे बारा

रेडिओवर बातम्यांच्या आधी वाजणारे ठोके ऐकून मनगटावरचं घड्याळ जुळवायची सवय आपल्यापैकी अनेकांना होती. आपलं घड्याळ चुकेल, पण रेडिओचं चुकणार नाही, हा त्यामागचा विश्वास. आज संगणकाचं घड्याळ थेट उपग्रहावरून जुळवता येतं. वेळ कुणाची मानायची, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तो आगगाडीबरोबर आला.

कापसाच्या बाजारासाठी जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. तोवर सूर्य डोक्यावर आला की गावाचे बारा वाजत. पण प्रत्येक गावाचा सूर्य वेगळा. खामगाव तर मुंबई आणि मद्रास यांच्या रेखांशांच्या जवळपास मधोमध. इथे बारा वाजतात, तेव्हा सूर्याच्या हिशेबानं मुंबईत पावणेबारा आणि मद्रासला सव्वाबारा! अशा हिशेबावर गाड्यांचं वेळापत्रक कसं चालणार? रेल्वेनं देशभर मद्रासची वेळ धरली. तिथल्या वेधशाळेची वेळ तारेनं कळवली जाई. सूर्यावर विसंबून स्टेशनात येणारा माणूस पाव तास मागे पडू लागला. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा हे अंतर सुमारे 24 मिनिटांचं झालं. मुंबई शहरानं तर आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.

आता संगणकाकडे वळू. त्याचं घड्याळ क्वार्ट्‌झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालतं. उन्हाळ्या-थंडीनं त्या कंपनांत किंचित फरक पडतो आणि घड्याळ दिवसाकाठी सेकंदभरही सरकू शकतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांच्यात अणुघड्याळं असतात. गच्चीवर छोटा अँटेना लावला की रिसीव्हर त्यांचे संदेश पकडतो आणि संगणकाला दोन गोष्टी देतो. एक म्हणजे तारीख आणि वेळ सांगणारा मजकूर. पण तो तारेतून पोचेपर्यंत सेकंदाचा काही भाग निघून गेलेला असतो. म्हणून दुसरी गोष्ट, दर सेकंदाला एक विद्युत ठोका. रेडिओवर निवेदक किती वाजले ते सांगे आणि नेमका क्षण ठोका दाखवी, तसंच हे. ठोक्याच्या आधारानं संगणक आपलं घड्याळ सेकंदाच्या काही लक्षांश भागापर्यंत अचूक ठेवू शकतो. मोबाइलचे मनोरे आणि विजेचं जाळंही अशा नेमक्या वेळेवर विसंबून असतं.

पण जीपीएस अमेरिकी सैन्याच्या हातात आहे. म्हणून भारतानं 2013 पासून आपले दिशादर्शक उपग्रह सोडायला सुरुवात केली. त्या पहिल्याच उपग्रहातली परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. स्वदेशी अणुघड्याळ असलेला उपग्रह 29 मे 2023 रोजी आकाशात गेला. देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

मद्रासची वेळ तारेनं आली, आजची आकाशातून येते. दोन्ही वेळा सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण सगळ्या देशानं ज्या घड्याळाकडे पाहून आपलं घड्याळ लावायचं, ते कुणाच्या ताब्यात आहे, हेही पाहायला हवं.