जुना द्राक्षारस आणि पक्व द्राक्षारस

"जुनें तें सोनें" ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. महोत्सवाच्या तयारींत वेदीसाठीं ठेविलेल्या बाटल्या मोजीत असतां एका वेदीसेवकानें आम्हांस विचारिलें, "फादर, ह्यांतल्या कांहीं बाटल्या पुढच्या महोत्सवापर्यंत जपून ठेविल्या, तर द्राक्षारस अधिक चांगला होईल ना?" प्रश्न निरागस, परंतु वेदीचा संबंध असल्यामुळें उत्तर चुकून चालावयाचें नाहीं. म्हणून ह्या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्राचीन रोमन लोकांस जुन्या द्राक्षारसाचा मोठा अभिमान असे. ओपिमियस हा कॉन्सल असतांना, इ. स. पूर्वीं 121 ह्या वर्षीं झालेला द्राक्षारस इतका नामांकित ठरला कीं, लोकांनीं तो सुमारें दोन शतकें जपून ठेविला. परंतु प्लिनी नामक ग्रंथकाराच्या काळीं तो कडवट मधासारखा घट्ट झाला होता व पाण्यावांचून पिववत नसे. पुढें लांकडी पिंपांचा प्रचार झाला. पिंपांत हवा शिरे आणि वर्ष सरतांना पुष्कळसा रस आंबून जाई. म्हणून नव्यासच मोल अधिक येई. 17व्या शतकांत इंग्लंडांत जाड कांचेच्या बाटल्या होऊं लागल्या, त्यांचें तोंड बुचानें घट्ट बंद करितां येऊं लागलें, आणि 18व्या शतकांत बाटली आडवी ठेवण्याजोगी झाली. तेव्हांपासून द्राक्षारस जुना करण्याची कला खऱ्या अर्थानें सुरू झाली. त्यामागील कारण लुई पास्तर ह्यांनीं 1866 सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें: हवा अगदीं थोडी व सावकाश लागली, तर रस पिकतो, फार लागली, तर सूक्ष्म जंतू त्याचा सिरका करितात.

मग पक्वता ओळखावी कशी? नवा तांबडा द्राक्षारस जांभळट असून जिभेला तुरट लागतो. कालांतरानें तुरटपणा देणारीं द्रव्यें एकमेकांस चिकटून गाळाच्या रूपानें तळीं बसतात. रंग विटेसारखा होतो, चव मवाळ होते. तुरटपणा निवाला, परंतु फळाची चव अद्याप उरली आहे, तोच त्याचा योग्य काळ. फळाची चव गेली व केवळ आंबटपणा राहिला, म्हणजे वेळ टळली. पांढरा द्राक्षारस वयाबरोबर सोनेरी व पुढें तपकिरी होतो. जाणते लोक एकाच हंगामाच्या अनेक बाटल्या ठेवितात आणि वर्षा-दोन वर्षांनीं एकेक उघडून चव पाहतात. तथापि बहुतेक द्राक्षारस लवकर पिण्यासाठींच केलेला असतो. दीर्घकाळ सुधारत जाणारा विरळा.

आमच्या भूमीस द्राक्षें नवीं नाहींत. 14व्या शतकांत इब्न बतूता ह्यानें दौलताबादेच्या द्राक्षांचा उल्लेख करून तीं वर्षांतून दोनदा येतात असें लिहून ठेविलें. 1981 सालीं स्वतंत्र झालेल्या आमच्या जालना जिल्ह्यांत कडवंची गांवानें पाणलोटाचीं कामें करून, शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तीं द्राक्षें मुख्यतः खाण्याचीं. द्राक्षारसाचा धंदा नारायणगांव व नाशिककडे वाढला. 2001 सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यासाठीं स्वतंत्र धोरण आखिलें.

द्राक्षारस काळोखांत, 12 ते 15 अंशांच्या गारव्यांत ठेवावा लागतो. जालन्याचा उन्हाळा तर 40 अंशांच्या वर जातो. आम्हांस धर्मगुरु होऊन थोडींच वर्षें झालीं होतीं, तेव्हांची गोष्ट. पत्र्याच्या छपराखालीं अर्धी उरलेली एक बाटली उन्हाळाभर तशीच राहिली. चूक सर्वस्वीं आमची. पावसाळ्याच्या तोंडीं एका खेड्यांतील मिस्सेसाठीं आम्हीं तीच बरोबर नेली. दोन-दोन कोसांवरून माणसें चालत आलीं होतीं. बूच काढतांच सिरक्याचा उग्र दर्प आला. द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा, हा नियम ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या 1917 सालच्या संग्रहांत होता व 1983 सालच्या संग्रहांत 924 व्या कलमांत कायम आहे. सिरका झालेल्या रसानें मिस्साबलिदान होतच नाहीं. शेजारच्या धर्मग्रामांतून दुसरी बाटली येईपर्यंत माणसें तीन तास बसून राहिलीं. कोणी एका शब्दानेंहि आम्हांस बोललें नाहीं. त्या दिवसापासून वास व चव पाहिल्यावांचून आम्हीं द्राक्षारस वेदीवर नेलेला नाहीं.

तेव्हां वेदीसेवकास आमचें उत्तर असें कीं, ह्या बाटल्या आज तयार आहेत. त्या आजच वापराव्या. संत लूकच्या शुभवर्तमानांत जुन्याची आवड असणाऱ्याचा उल्लेख आहे खरा; परंतु काना गांवच्या लग्नांत भोजनकारभाऱ्यानें ज्याची वाखाणणी केली, तो द्राक्षारस घटकाभराचाहि जुना नव्हता. आपला धर्मग्राम इतक्या वर्षांचा झाला, म्हणून तो पक्व झाला असेंहि नव्हे. मनांतला तुरटपणा निवाला काय, आणि पहिली गोडी उरली काय, हें ज्यानें त्यानें पाहावें, आणि मग महोत्सव आनंदानें करावा.