रक्ती हगवण आणि कोरडी गादी

राजवटींच्या इतिहासात कोंबडीच्या पिल्लाला स्थान नसते. परंतु प्रशासनाचा प्राधान्यक्रम त्याच्या आजारातूनही वाचता येतो, असे मला वाटते.

१८८९ साली पुण्यात पशुरोगांच्या संशोधनासाठी शाही प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आरंभीचा भर बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींवर होता. शेती आणि शेतसारा बैलांच्या खांद्यावर उभे होते. कोंबडी मात्र बहुधा गरीब घरातील स्त्रीची मिळकत. केंद्रीय पक्षी संशोधन संस्था इज्जतनगरला निघाली, ती १९७९ मध्ये.

दरम्यान पिल्लांच्या आतड्यातील परजीवींमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीवर औषधे आली होती. १९३९ मध्ये अमेरिकेत लेविन यांनी सल्फानिलामाइडचा गुण दाखवून दिला. १९६० च्या सुमारास अ‍ॅम्प्रोलियम आले. ते परजीवीला थायमिन हे जीवनसत्त्व मिळू देत नाही. गळ्याखालची अन्नाची पिशवी तुंबली असेल, तर मात्र या औषधाचा उपयोग नाही. तेथे पिल्लाने लांब गवत वा दोरा गिळला आहे काय, हे पाहावे लागते.

शिवाय विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी ओलसर, उबदार गादीत एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. अहवालात वाटलेल्या बाटल्या मोजता येतात, कोरडी राखलेली गादी नव्हे. म्हणून तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने साठा नोंदवही उघडण्यापूर्वी गादीतील मूठभर तूस हातात घेऊन पाहावे, असे माझे मत आहे.