लेनी हेन्री : हशामागचा हिशेब

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर चार दशकांहून अधिक काळ प्रेक्षकांना हसवणारे सर लेनी हेन्री एका गंभीर मागणीसाठीही ओळखले जातात. करमणुकीच्या व्यवसायात कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या लोकांना पडद्यावर तर स्थान मिळावेच. पण काय दाखवायचे आणि पैसा कुठे खर्च करायचा, हे ठरवण्याचा अधिकारही मिळावा, ही ती मागणी. तिची मुळे त्यांच्या स्वतःच्या वाटचालीत आहेत.

जमैकाहून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबात २९ ऑगस्ट १९५८ रोजी डडली या औद्योगिक शहरात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९७५ मध्ये, ‘न्यू फेसेस’ या नवोदितांच्या कार्यक्रमात केलेल्या नकलांमुळे ते प्रकाशात आले. या यशाने त्यांना नेले ते मात्र ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’च्या रंगमंचावर. गोरे गायक चेहऱ्याला काळा रंग फासून गाणी म्हणत, असा हा कार्यक्रम बीबीसीवरही १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे सुरू होता. त्या ताफ्यात हेन्री यांनी सुमारे पाच वर्षे काढली. उमेदवारीच्या काळात स्वतःच्या वर्णावर विनोद करून त्यांनी टाळ्या मिळवल्या. पुढे या कामाबद्दल त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली.

याच काळात, १९७६ मध्ये आलेल्या ‘द फॉस्टर्स’ या मालिकेत कृष्णवर्णीय कुटुंबाची कथा होती आणि त्यात हेन्री यांचीही भूमिका होती. ‘टिसवास’, ‘थ्री ऑफ अ काइंड’ (१९८१) आणि पाठोपाठ स्वतःच्या नावाचा ‘द लेनी हेन्री शो’ (१९८४) यांमुळे ते घराघरांत पोहोचले. १९९३ पासूनच्या ‘शेफ!’ या मालिकेत त्यांनी रंगवलेला तापट बल्लवाचार्य लोकप्रिय झाला, तो त्याच्या स्वभावामुळे. कातडीच्या रंगामुळे नव्हे. १९८५ मध्ये लेखक रिचर्ड कर्टिस यांच्यासह त्यांनी ‘कॉमिक रिलीफ’ ही संस्था स्थापन केली आणि आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी विनोदाच्या बळावर निधी उभा केला. २००९ मध्ये लीड्स येथे त्यांनी ‘ऑथेल्लो’ साकारला, तेव्हा नाट्यसमीक्षकांनीही दाद दिली.

मार्च २०१४ मध्ये ‘बाफ्टा’च्या व्यासपीठावरील व्याख्यानात त्यांनी हिशेबच मांडला. २००६ ते २०१२ या काळात दूरचित्रवाणी उद्योगातील वांशिक अल्पसंख्याकांची संख्या ३०.९ टक्क्यांनी घटली होती आणि सर्जनशील माध्यमांतील त्यांचे प्रमाण अवघे ५.४ टक्के उरले होते. प्रशिक्षणवर्ग आणि सदिच्छा यांनी हे चित्र पालटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लंडनबाहेर कार्यक्रम तयार व्हावेत म्हणून वाहिन्यांना नियम लागू झाले आणि निर्मिती तिकडे सरकली. त्याच धर्तीवर वैविध्यासाठीही स्वतंत्र निधी राखून ठेवावा, असा त्यांचा प्रस्ताव होता.

२०१५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २०१८ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. २०२० मध्ये बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठात त्यांच्या नावाने माध्यमांतील वैविध्याचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या जनक्षोभाच्या पार्श्वभूमीवर, बीबीसीने वैविध्यपूर्ण कार्यक्रमांसाठी तीन वर्षांत दहा कोटी पौंड खर्चण्याची घोषणा केली.

तरीही २०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या कल्पनारम्य मालिकेत हेन्री आणि अन्य कृष्णवर्णीय कलाकार दिसताच काही प्रेक्षकांनी नाके मुरडली. काल्पनिक जगातही ज्यांच्या असण्याचे स्पष्टीकरण मागितले जाते, त्यांनी केवळ प्रेक्षकांच्या उदारतेवर विसंबून कसे राहावे? लोकक्षोभातून दिलेली आश्वासने क्षोभ ओसरला की विरतात. अंदाजपत्रकातील तरतूद मात्र दरवर्षी तपासता येते. हेन्री यांच्या आग्रहाचे मर्म हेच आहे.