सहीवांचून सनद : अटलांटिक सनद व हाइड पार्कची याद

(१) जुना कागद हातीं आला म्हणजे संग्राहक प्रथम त्याचा शेवट पाहतो. मोर्तब आहे कीं नाहीं, हस्ताक्षर कारकुनाचें कीं खुद्द धन्याचें, कागद अस्सल कीं तालीक, आणि तो कोणाच्या दप्तरांतून निघाला, हे प्रश्न सुटल्याखेरीज मजकुराचा अर्थ लावूं नये, अशी आमच्या अभ्यासाची रीत आहे. ही रीत मोडी कागदांपुरतीच आहे असा मात्र समज होऊं देऊं नये. विसाव्या शतकांतील टंकलिखित राजकीय कागदांस तीच कसोटी लाविली असतां काय निष्पन्न होतें, हें दाखविण्याकरितां ब्रिटन व अमेरिका यांच्या दुसऱ्या महायुद्धांतील सख्याचे दोन कागद आम्हीं प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतले आहेत. पहिला कागद १९४१ ची अटलांटिक सनद. जगभर गाजलेली, परंतु दोघां धन्यांच्या सहीची अस्सल प्रत नसलेली. दुसरा कागद १९४४ ची हाइड पार्कची याद. दोघांच्या आद्याक्षरांनिशीं पुरी झालेली, परंतु एका पक्षाच्या दप्तरांतच हरवलेली. आमचें प्रतिपाद्य असें कीं, हें सख्य विधियुक्त तहनाम्यांपेक्षां पत्रोत्तरें, जाहीरनामे व यादी यांवर उभारलें गेलें. असे कागद निकडीच्या वेळीं त्वरित कामास येतात, परंतु पुढें त्यांच्या अर्थाविषयीं वाद पडला म्हणजे ज्याचें बळ अधिक त्याचाच अर्थ चालतो. त्याची झळ हिंदुस्थानासही लागलेली आहे.

(२) तहनामा कां केला नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें परराष्ट्राशीं तह करावयाचा तर सेनेटमधील उपस्थित सभासदांपैकीं दोनतृतीयांशांची संमति लागते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायचा तह याच सभेंत फसला, ही गोष्ट अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पिढीस विसरणें शक्य नव्हतें. म्हणून १९४० पासून निराळी वाट काढण्यांत आली. २ सप्टेंबर १९४० रोजीं ब्रिटनचे वकील लॉर्ड लोथियन व अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्यामध्यें केवळ पत्रोत्तर होऊन अमेरिकेनें पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश गियानापर्यंतच्या ब्रिटिश मुलखांत आरमारी व हवाई तळांसाठीं ९९ वर्षांचे पट्टे मिळविले. पुढें ११ मार्च १९४१ चा उसनवार-पट्ट्याचा कायदा झाला. तोही तह नव्हे, अमेरिकेचा घरगुती कायदाच. ज्या ठिकाणीं अटलांटिक सनद जन्मास आली तें न्यूफाउंडलंडमधील अर्जेन्शिया याच पट्ट्यांपैकीं एक होय.

(३) ९ ऑगस्ट १९४१ रोजीं ब्रिटनचे मुख्य प्रधान विन्स्टन चर्चिल 'प्रिन्स ऑफ वेल्स' या लढाऊ जहाजांतून प्लासेन्शियाच्या उपसागरांत दाखल झाले. रूझवेल्ट हे 'ऑगस्टा' या क्रूझरवर आधींच येऊन थांबले होते. अमेरिका त्या वेळीं युद्धांत नव्हती, आणि तेथील लोकमत किती दोलायमान होतें हें एकाच आंकड्यानें कळेल : सनदेचा मजकूर कायम झाला त्याच १२ ऑगस्ट रोजीं सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढविण्याचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत २०३ विरुद्ध २०२ अशा अवघ्या एका मतानें संमत झाला. अशा स्थितींत रूझवेल्ट यांस तहासारखा दिसणारा कागद नको होता. चर्चिल यांस मात्र अमेरिका आपल्या बाजूस आहे हें जगास दाखविणारा कोणताही कागद हवा होता. दोघांच्या गरजा भागतील असा मार्ग म्हणून 'संयुक्त जाहीरनामा' हें रूप पसंत पडलें.

(४) आतां मसुद्यांची गोष्ट. पहिला मसुदा ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कायम उपसचिव सर अलेक्झांडर कॅडोगन यांनीं १० ऑगस्ट रोजीं तयार केला. त्यांत पांच कलमें होतीं. अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री सम्नर वेल्स यांनीं तो घेऊन आपला मसुदा केला, आणि रूझवेल्ट यांच्या इच्छेनें समुद्रावरील मोकळ्या संचाराचें व शस्त्रत्यागाचें अशीं कलमें त्यांत आलीं. हा मजकूर तारेनें लंडनला गेला. तेथें ॲटली यांच्या अध्यक्षतेखालीं युद्धमंत्रिमंडळ अपरात्रीं बसलें व मजुरांची स्थिति, आर्थिक उन्नति व सामाजिक सुरक्षितता यांविषयींचें आणखी एक कलम घालावें असें त्यानें सुचविलें. अशा रीतीनें पांचांचीं आठ कलमें झालीं. चर्चिल यांच्या हातच्या दुरुस्त्या असलेली अखेरच्या मसुद्याची प्रत उपलब्ध असून तिचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालेलीं आहेत. संग्राहकाच्या दृष्टीनें या सनदेचें 'अस्सल' म्हणून कांहीं दाखवावयाचें तर ही खाडाखोड केलेली प्रतच दाखवावी लागेल.

खाडाखोड कोठें झाली हें पाहण्यासारखें आहे. चवथें कलम व्यापाराचें. सर्व राष्ट्रांस समान अटींवर व्यापार व कच्चा माल मिळावा असा अमेरिकेचा आग्रह. परंतु साम्राज्यांतर्गत सवलतीच्या जकातीची पद्धति ब्रिटननें १९३२ च्या ओटावा परिषदेंत पतकरलेली. तेव्हां 'चालू बंधनांचा योग्य मान राखून' अशा अर्थाचे शब्द घालून चर्चिल यांनीं ती पद्धति वांचविली. आठव्या कलमांत आंतरराष्ट्रीय संघटनेचा स्पष्ट उल्लेख ब्रिटिश मसुद्यांत होता. राष्ट्रसंघाची आठवण देणारे ते शब्द रूझवेल्ट यांनीं काढविले व त्यांच्या जागीं 'सार्वत्रिक सुरक्षिततेची व्यापक व कायम व्यवस्था' असें मोघम वचन आलें. प्रत्येक पक्षानें आपल्या घरच्या अडचणीपुरती पळवाट राखून ठेविली, हें या दुरुस्त्यांवरून स्वच्छ दिसतें.

(५) मजकूर १२ तारखेस ठरला. तो १४ ऑगस्ट रोजीं वॉशिंग्टन व लंडन येथून प्रसिद्ध झाला, आणि लंडनहून ॲटली यांनीं तो नभोवाणीवर वाचून दाखविला. सनदेची मिति म्हणून रूढ झाली ती ही १४ ऑगस्ट. म्हणजे कागदावर चढलेली तारीख घडणीची नसून डांगोऱ्याची आहे. जुन्या पत्रांच्या मित्या लावतांना ज्यांना हा घोळ नित्य सोडवावा लागतो त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पुढें या सनदेच्या शोभिवंत छापील प्रती अमेरिकेंत लाखांच्या हिशेबानें वांटल्या गेल्या. त्यांच्या तळाशीं दोघांचीं नांवें असत. त्यामुळें कोठेंतरी सहीशिक्क्याची मूळ प्रत जपून ठेविलेली असली पाहिजे, असा समज सर्वत्र पसरला. १९ डिसेंबर १९४४ रोजीं खुद्द रूझवेल्ट यांनींच तो मोडला. अशी प्रत आपल्यापाशीं नाहीं, ब्रिटिशांपाशींही नाहीं. जवळांत जवळची वस्तु पाहिजे तर ती त्या दोन जहाजांवरील बिनतारी यंत्रज्ञांपाशीं मिळेल, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं वृत्तपत्रकारांस दिलें. त्या दोन जहाजांपैकीं 'प्रिन्स ऑफ वेल्स' तर सनदेनंतर चार महिन्यांच्या आंतच, १० डिसेंबर १९४१ रोजीं, मलायाच्या किनाऱ्यानजीक जपानी विमानांच्या माऱ्यानें बुडालें होतें.

(६) सही नसण्याचें महत्त्व तिसऱ्या कलमांत प्रगट होतें. कॅडोगन यांच्या मसुद्यांत, आपण कोणत्या राज्यपद्धतीखालीं राहावें हें निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य करून, पुढें भाषण व विचार यांच्या स्वातंत्र्याचा उल्लेख होता. अखेरच्या मजकुरांत हा पुढील भाग गळाला, आणि ज्यांचे सार्वभौम हक्क व स्वराज्य बळानें हिरावलें गेलें त्यांस तें परत मिळावें, अशी इच्छा त्या जागीं नमूद झाली. हे शब्द हिंदुस्थानांत वाचले गेले तेव्हां त्यांचा अर्थ येथील लोकांनीं काय घेतला असेल हें सांगावयास नको. हिंदु महासभेचे तत्कालीन अध्यक्ष वि. दा. सावरकर यांनीं ऑगस्ट १९४१ मध्येंच रूझवेल्ट यांस तार करून, ही सनद हिंदुस्थानास लागू आहे काय, असा सरळ प्रश्न केला.

उत्तर आलें तें लंडनहून. ९ सप्टेंबर १९४१ रोजीं चर्चिल यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, सनद करतांना आमच्या मनांत मुख्यतः नाझी जुलमाखालीं सांपडलेलीं युरोपांतील राष्ट्रें होतीं. ब्रिटिश राजमुकुटाच्या प्रजेंतील स्वराज्य-संस्थांची क्रमशः वाढ हा अगदीं निराळा प्रश्न आहे. भाषणांतील हा भाग गाळावा म्हणून अमेरिकेचे लंडन येथील वकील जॉन वायनंट यांनीं आधीं रदबदली केली होती. ती व्यर्थ गेली. उलटपक्षीं, २३ फेब्रुवारी १९४२ च्या नभोवाणी-भाषणांत रूझवेल्ट यांनीं सनद केवळ अटलांटिकच्या कांठच्या देशांस नव्हे, तर सर्व जगास लागू आहे असें म्हटलें. एकाच कागदाचे दोन कर्ते, आणि दोघांचे दोन अर्थ! विधियुक्त तह असता तर अर्थनिर्णयासाठीं कलमावर बोट ठेवून भांडतां आलें असतें. जाहीरनाम्याबाबत ज्याचा अंमल त्या मुलखावर होता त्याचा अर्थ चालला.

येथें एका विलक्षण गोष्टीची नोंद केली पाहिजे. १ जानेवारी १९४२ रोजीं वॉशिंग्टन येथें 'संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा' तयार झाला. त्याच्या आरंभींच १४ ऑगस्टच्या अटलांटिक सनदेंतील तत्त्वें आपणांस मान्य असल्याचें स्वाक्षरीकारांनीं लिहून दिलें आहे. म्हणजे मूळ सनदेस जी सही लाभली नाहीं ती या दुसऱ्या कागदाच्या द्वारें सव्वीस राष्ट्रांची लाभली. या सव्वीसांत हिंदुस्थान आहे, आणि त्याच्या वतीनें सही आहे सर गिरिजाशंकर बाजपेयी यांची. जी सनद हिंदुस्थानास लागू नाहीं असें ब्रिटनच्या मुख्य प्रधानांनीं चार महिन्यांपूर्वीं सांगितलें, तीस हिंदुस्थानाच्या नांवानें रीतसर संमति दिली गेली! गांधीजींनीं १ जुलै १९४२ रोजीं रूझवेल्ट यांस लिहिलेल्या पत्रांत, हिंदुस्थान व आफ्रिका यांचें शोषण चालू असेपर्यंत स्वातंत्र्यासाठीं लढत असल्याची दोस्तांची घोषणा पोकळ वाटते, असें जें म्हटलें तें या पार्श्वभूमीवर वाचावें.

(७) वरील कागदांत दुर्बल पक्ष हिंदुस्थानचा होता. दुसऱ्या कागदांत दुर्बळपणाची पाळी ब्रिटनवरच आली. अणुबाँबच्या कामांतील सहकार्याविषयीं १९ ऑगस्ट १९४३ रोजीं क्वीबेक येथें रूझवेल्ट व चर्चिल यांनीं करारावर सह्या केल्या. परस्परांच्या संमतीवांचून तें अस्त्र तिसऱ्यावर वापरावयाचें नाहीं, असें त्याचें एक कलम होतें. त्यापुढील पायरी म्हणून सप्टेंबर १९४४ मध्यें रूझवेल्ट यांच्या हाइड पार्क येथील घरीं एक छोटी याद झाली. जपानच्या पराभवानंतरही, उभयतांच्या संमतीनें थांबविलें जाईपर्यंत, दोन्ही सरकारांचें पूर्ण सहकार्य लष्करी व व्यापारी कामीं चालू राहील, असें तींत लिहिलें होतें. अणूच्या कामास ब्रिटिशांचें सांकेतिक नांव 'ट्यूब अलॉइज', म्हणजे शब्दशः 'नळ्यांचे मिश्रधातु', असें होतें.

१२ एप्रिल १९४५ रोजीं रूझवेल्ट वारले. त्यानंतर ब्रिटिशांनीं यादीचा उल्लेख केला तेव्हां अमेरिकेच्या युद्धखात्यांत ती सांपडेना. अखेर जुलै १९४५ मध्यें फील्ड मार्शल विल्सन यांनीं युद्धमंत्री स्टिम्सन यांस तिची छायाप्रत दिली. अमेरिकेची मूळ प्रत बऱ्याच वर्षांनीं सांपडली ती अध्यक्षांचे आरमारी सहायक विल्सन ब्राउन यांच्या कागदांत. सांकेतिक नांवांतील 'नळ्या' जहाजांच्या बाष्पकाच्या असाव्यात, अशा समजुतीनें तो कागद आरमाराच्या दप्तरांत गेला होता! पेशवे दप्तरांत भलत्याच रुमालांत बांधलेला कागद शोधण्यांत ज्यांचे महिने गेले त्यांस या कारकुनाचा राग न येतां त्याची कींवच येईल.

परंतु परिणाम हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. क्वीबेकचा करार व ही याद, दोन्ही गुप्त. अमेरिकेच्या कायदेमंडळास त्यांची वार्ता नव्हती. १ ऑगस्ट १९४६ च्या मॅकमाहन कायद्यानें अणुविषयक माहिती परराष्ट्रांस देणें बंद झालें, आणि ज्या ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनीं त्या कामांत भाग घेतला होता त्यासही दार लागलें. १९४८ च्या जानेवारींत परस्परसंमतीचें कलमही सोडून द्यावें लागलें. खुलें सहकार्य पुन्हा सुरू झालें तें ३ जुलै १९५८ च्या करारानें. त्या वेळीं अमेरिकेचा कायदाही आधीं बदलून घेण्यांत आला. दोन धन्यांच्या आद्याक्षरांनीं जें टिकलें नाहीं तें कायदा व रीतसर करार यांनीं सांधलें गेलें.

(८) सारांश, अटलांटिक सनदेवर सही नसणें हा निष्काळजीपणा नव्हता. अमेरिकेंतील परिस्थितीमुळें पतकरलेली ती योजना होती, आणि युद्धाच्या कामीं ती उपयोगी पडली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु सनदेवर विसंबणाऱ्यांस आधार धरावयास कांहीं उरलें नाहीं. आणि यादीवर विसंबणाऱ्या ब्रिटनला आपला हक्क सिद्ध करण्यासाठीं स्वतःच्या दप्तरांतील प्रतीचाच आश्रय करावा लागला. यावरून संग्राहकांस घेण्यासारखा बोध हा कीं, अर्वाचीन राजकीय कागद जमवितांना सुबक छापील प्रतीवर संतुष्ट राहूं नये. खाडाखोडीचे मसुदे, तारांच्या नकला, पाठीमागील शेरे व कागद कोणत्या गठ्ठ्यांत होता याची नोंद, हीं सर्व जपावीं. तिसऱ्या कलमांतील शब्द कोणी, केव्हां व कोणत्या शब्दांच्या जागीं घातले, हें छापील सनद सांगत नाहीं. तें सांगणारा साक्षी खाडाखोडीचा मसुदाच आहे.