लिथियम विद्युत् घटातील आंतरस्तर व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

लिथियम विद्युत् घटातील ऋण विद्युत् अग्र व द्रव विद्युत् विच्छेद्य (ज्यातून आयनांच्या, म्हणजे विद्युत् भारित अणूंच्या वा अणुगटांच्या, द्वारे विद्युत् वहन होते असा पदार्थ) यांच्या संपर्कस्थानी रासायनिक विक्रियेने जो पातळ थर तयार होतो, त्याला घन विद्युत् विच्छेद्य आंतरस्तर म्हणतात. त्याची जाडी सामान्यतः काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). हा थर लिथियम आयनांना वाट देतो. परंतु इलेक्ट्रॉनांना अडवितो. त्यामुळे विद्युत् विच्छेद्याचे पुढील अपघटन थांबते. घटाचे आयुष्य व सुरक्षितता बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असतात. तथापि ज्या इलेक्ट्रॉन शलाकेने तो पहावयाचा तिनेच तो बिघडत असल्यामुळे, त्याची संकल्पना मांडली गेल्यानंतरही सुमारे चार दशके त्याची मूळ संरचना अणूंच्या पातळीवर पाहता आली नव्हती.

संकल्पनेचा उदय : लिथियम अतिशय विक्रियाशील असूनही काही विद्रावांत टिकून राहते, याचे कारण त्याच्या पृष्ठावर बनणारा थर होय. १९७० नंतरच्या दशकात लिथियम–थायोनिल क्लोराइड घट दीर्घकाळ साठवून नंतर वापरावयास घेतला असता, त्याचा विद्युत् दाब प्रारंभी काही वेळ कमी भरतो असे दिसून आले. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा लिथियमावर लिथियम क्लोराइडाच्या स्फटिकांचा थर आढळला. हा थर केवळ आवरण नसून स्वतःच घन विद्युत् विच्छेद्याप्रमाणे कार्य करतो, अशी उपपत्ती तेल आवीव्ह विद्यापीठातील इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली व थराचे नामकरणही केले.

धातुरूप लिथियम वापरलेला घट पुनःपुन्हा भारित केला असता लिथियम सुयांसारख्या वा फांद्यांसारख्या आकारांत निक्षेपित होते (साचते). असे प्रवर्ध (पुढे वाढलेले भाग) पलीकडील अग्रास भिडल्यास घटात मंडलसंक्षेप होऊन आग लागू शकते. यामुळे धातूऐवजी कार्बनी अग्राकडे लक्ष वळले. पहिल्या विद्युत् भारणातच एथिलीन कार्बोनेटाच्या अपघटनाने कार्बनावर संरक्षक थर बनतो, असे कॅनडात जे. आर. डान व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दाखविले. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला.

निरीक्षणातील अडचणी : माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिन येथे १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. धातू व खनिजे यांच्या अभ्यासात या उपकरणाने मोठी प्रगती घडविली. लिथियमाच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडले. लिथियमाचा अणुक्रमांक केवळ ३ असल्याने ते इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन अत्यल्प करते आणि प्रतिमा अस्पष्ट येते. शलाकेच्या आघाताने त्याचे अणू जागचे हलतात, तसेच आंतरस्तरातील कार्बनी संयुगे अपघटित होतात. हवेच्या संपर्कात नमुना तत्काळ बदलतो आणि सूक्ष्मदर्शकातील निर्वातात द्रव विद्युत् विच्छेद्य उडून जाते. अवरक्त व क्ष-किरण वर्णपटविज्ञानामुळे थरात लिथियम कार्बोनेट, ऑक्साइड व फ्ल्युओराइड आहेत हे समजले. परंतु त्यांची मांडणी कळली नाही. थर निरनिराळ्या सूक्ष्म कणांच्या कुट्टिमचित्रासारखा (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रासारखा) असावा, असे प्रतिमान पेलेड व सहकारी यांनी १९९७ मध्ये सुचविले. ते अप्रत्यक्ष पुराव्यावर आधारलेले होते.

शीत पद्धतीचा अवलंब : यावरील उपाय जीवविज्ञानातून आला. पाणी अतिजलद गोठविल्यास त्याचे स्फटिक न बनता ते काचेसारखे घन होते व त्यातील जैव रेणू मूळ स्वरूपात पाहता येतात, हे झाक द्यूबॉशे व सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी दाखविले होते. द्यूबॉशे, योआखिम फ्रांक व रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक जाहीर झाले त्याच महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील युजांग ली, यी त्स्वे व इतरांनी हीच पद्धत लिथियमासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. घटातून काढलेला नमुना द्रव नायट्रोजनात (सुमारे −१९६° से.) बुडवून, हवा लागू न देता त्यांनी सूक्ष्मदर्शकात नेला. लिथियमाचे प्रवर्ध हे सपाट पैलूंचे एकस्फटिकी तंतू असल्याचे तीत दिसले. नेहमीच्या कार्बोनेट विद्रावात आंतरस्तर अस्फटिकी द्रव्यात विखुरलेल्या स्फटिककणांचा होता, म्हणजे कुट्टिमचित्राच्या प्रतिमानाशी जुळणारा होता. विद्रावात फ्ल्युओरोएथिलीन कार्बोनेट मिसळल्यावर मात्र तो एकावर एक सुव्यवस्थित पदरांचा झाला. अशा पदरांच्या थरातून लिथियम अधिक एकसारखे विरघळते, असे २०१८ मध्ये आढळले. अल्प प्रमाणातील पूरक द्रव्याने घटाचे आयुष्य का वाढते, याचे संरचनात्मक स्पष्टीकरण यातून मिळाले.

कॉर्नेल विद्यापीठात २०१८ मध्ये द्रवासह गोठविलेल्या घटाचे आयन शलाकेने छेद घेण्यात आले. त्यांत दोन प्रकारचे प्रवर्ध आढळले. एका प्रकाराभोवती शेकडो नॅनोमीटर जाडीचा थर होता, तर दुसऱ्यात लिथियम हायड्राइड होते.

मर्यादा : स्टॅनफर्ड येथील २०१७ च्या प्रयोगात नमुना धुऊन, वाळवून घेतलेला होता. याच संस्थेत २०२२ मध्ये विद्युत् विच्छेद्याच्या पातळ पटलासह गोठविलेला आंतरस्तर पाहण्यात आला, तेव्हा तो वाळलेल्या थरापेक्षा फुगलेला आढळला. म्हणजेच घटात काम करताना तो द्रव शोषून घेतो. फुगणे जितके अधिक तितकी घटाची कामगिरी सामान्यतः निकृष्ट, असा संबंधही दिसून आला. यावरून शलाकेइतकाच नमुन्याच्या पूर्वतयारीचाही निरीक्षणावर परिणाम होतो, हे सिद्ध झाले. शिवाय गोठविलेली प्रतिमा एकाच क्षणाची व अत्यल्प क्षेत्राची असते. म्हणून संपूर्ण घटाविषयी निष्कर्ष काढताना तिला विद्युत् रासायनिक व वर्णपटीय मापनांची जोड द्यावी लागते.