वाक्यपृथक्करणाची कुळकथा

इंग्रजी वाक्यातील ‘सब्जेक्ट’ व ‘प्रेडिकेट’ ओळखताना आपली मुले गोंधळतात. या संज्ञा इंग्रजांच्या घरच्याच, असे आपण समजतो. वस्तुतः त्यांचे कूळ ग्रीक तर्कशास्त्रात आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने विधानाचे दोन घटक मानले: ज्याविषयी बोलावयाचे ते उद्देश्य आणि त्याविषयी जे सांगावयाचे ते विधेय. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियस या ख्रिस्ती पंडिताने त्याचे तर्कग्रंथ लॅटिनमध्ये आणले. त्यातूनच हे शब्द मठांच्या शाळांत आणि पुढे विद्यापीठांत रुजले.

इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक या बेनेडिक्टाइन मठवासीयाने इंग्लंडमधील लहान मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण लिहिले, तेही मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे तत्कालीन इंग्रजीत. क्रियापदाला त्याने ‘वर्ड’ म्हटले, कारण लॅटिन ‘वेर्बुम’ म्हणजे शब्दही आणि क्रियापदही. योहानकृत शुभवर्तमानाच्या प्रारंभी लॅटिनमध्ये प्रभूसाठी योजिलेला शब्दही हाच.

लॅटिनमध्ये प्रत्ययावरून कर्ता व कर्म कळतात. जुन्या इंग्रजीतही तसे प्रत्यय होते. कालौघात ते बहुतांशी झिजले आणि प्रत्ययाचे काम शब्दक्रमाकडे आले. तरीही विद्वान इंग्रजीला लॅटिनचाच अंगरखा चढवीत राहिले. पुढे लंडनचे अँग्लिकन बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांचे १७६२चे इंग्रजी व्याकरण पुष्कळ काळ शाळांत मार्गदर्शक ठरले.

आज मुलाला शिकविताना प्रथम क्रियापद शोधावे, मग ‘कोण?’ किंवा ‘काय?’ असे विचारावे. ‘बर्ड्स फ्लाय’ यात ‘बर्ड्स’ उद्देश्य, ‘फ्लाय’ विधेय. क्रिया कर्त्यापाशीच थांबते, म्हणून क्रियापद अकर्मक. ‘मदर लाइट्स द लॅम्प’ यात क्रिया दिव्यापर्यंत पोहोचते, म्हणून ते सकर्मक. ‘ट्रान्झिटिव्ह’चा मूळ अर्थही ‘पलीकडे जाणारे’ असाच आहे. ‘द चर्च इज ओल्ड’ यातील ‘इज’ कृती दाखवीत नाही. ते केवळ उद्देश्य व त्याचे वर्णन यांना जोडते. ‘इट इज रेनिंग’ यातील ‘इट’ मात्र नावापुरते उद्देश्य आहे. मराठीत पाऊस स्वतःच पडतो. इंग्रजीला उद्देश्याची रिकामी जागा सोसत नाही.

एल्फ्रिकच्याच देशातून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच विद्या आपल्या भूमीत आणली. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या या धर्मगुरूने कोकणीचेही व्याकरण लिहिले. १६१९ साली त्यांचे निधन झाले आणि १६४० साली ते व्याकरण रायतूर येथे छापले गेले. परक्या भाषेतील माणसापर्यंत पोहोचावयाचे, तर त्याच्या वाक्याची घडण जाणली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या मुलांनी इंग्रजी अवश्य शिकावे. परंतु तिची व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी तिचा अर्थ घरच्या मराठीत समजावून द्यावा. सहस्र वर्षांपूर्वी एल्फ्रिकने इंग्रज मुलांसाठी जे केले, ते आपण आपल्या मुलांसाठी का करू नये?